मृत्युपत्रातलं दुसरं कलम

माझ्या भावाच्या नावाचा पहिला कला पुरस्कार शिरूरमध्ये दिला गेला, त्या दिवशी मी सभागृहाच्या दारातच थांबले. दारावर भला मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर दादाचा हसरा फोटो, डोक्याला भगवा फेटा. दादा आयुष्यात कधी फेटा बांधून कॅमेऱ्यासमोर बसला नव्हता. तो फेटा कॉम्प्युटरवर चढवलेला होता आणि एका कानाशी नीट बसलाही नव्हता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कला पुरस्कार वितरण व व्यसनमुक्ती जनजागृती सोहळा'.

व्यसनमुक्ती!

दादा सुपारीसुद्धा खात नव्हता. त्याच्या मृत्युपत्रात हा शब्द कुठंही नाही. तिथं जो शब्द आहे तो एचआयव्ही. स्पष्ट, देवनागरीत, त्याच्या सहीच्या वर. मी तो कागद इतक्यांदा वाचलाय की घडीवर फाटायला आलाय. मेलेल्या माणसाचा शब्द खोडून तिथं आपल्या सोयीचा शब्द बसवायचा, वर त्याला फेटा बांधायचा आणि खाली हार घालायचा. 

हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगते.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. मी दौंडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त आहे. सासर यवतजवळ, घरची शेवंती आणि झेंडूची शेती. बारावीनंतर घरात माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा दादा मला घेऊन पुण्याला गेला आणि चित्रकला शिक्षकाच्या कोर्सचा फॉर्म भरून आला. वडिलांना घरी आल्यावर सांगितलं. माझ्या हातात खडू आणि ब्रश राहिला तो त्याच्यामुळं.

त्याचा धंदा आधी लग्नाचा. मग रांजणगावला कंपन्या वाढल्या आणि गिऱ्हाईक बदललं. बिहार, ओडिशाकडून आलेली पोरं रविवारी आंघोळ करून, केसांना तेल लावून यायची. गेटपाससाठी एक फोटो आणि घरी पाठवायला एक. "भैया, थोडा गोरा कर देना," असं हमखास म्हणायची. दादा आपल्या मोडक्या हिंदीत सांगायचा, "जैसे हो वैसेच अच्छे दिखते हो." आणि खरंच तसाच फोटो काढून द्यायचा. पोरं कुरकुरायची आणि पुढच्या महिन्यात मित्राला घेऊन परत यायची.

रांजणगावला एकदा ट्रक ड्रायव्हर आणि ठेकेदारांच्या कामगारांसाठी एचआयव्ही तपासणीचं शिबिर होतं. दादाला फोटो काढायला बोलावलं होतं. मांडव घातलेला, टेबलावर सुया, बाटल्या, समोर रिकामी खुर्ची, आणि माणसं चार हात लांब उभी. पहिला कुणी बसेना. समुपदेशन करणाऱ्या बाई सगळ्यांना समजावून थकल्या, तेव्हा दादानं कॅमेरा त्यांच्या हातात दिला, बाही वर केली आणि त्या खुर्चीत बसला. "काढा माझाच फोटो. बघा रे, काय न्हाई होत!" असं म्हणून हसत हसत रक्त दिलं. तो फोटो माझ्याकडे आहे. दादाच्या मागं माणसांची रांग लागलेली दिसते.

दोन दिवसांनी त्या बाईंनी त्याला फोन करून दवाखान्यात बोलावून घेतलं.

मला त्यानं तीन आठवड्यांनी सांगितलं. दुपारची वेळ, शटर अर्धं ओढलेलं. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मला बसवलं आणि स्वतः उभा राहून बोलला.

"बाय, मला एचआयव्ही हाय."

मी काय विचारलं असेल? तब्येत कशी आहे, औषधं चालू केलीस का, घाबरलास का? यातलं काहीच नाही.

"कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मग आता नको सांगूस कुणाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. फोटो काढण्याआधी बघायचा तसा, चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय हे शोधत असल्यासारखा. मग "बरं" म्हणाला. आज मी ज्या ज्या माणसांवर चिडते, त्यांच्या रांगेत पहिली मी उभी आहे, हे मी विसरत नाही.

दादानं लग्न केलं नव्हतं. आजार कसा झाला, कुणापासून झाला, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण पुढं लोकांनी मला ते शंभर वेळा विचारलं. लग्नाच्या पंगतीत, मयतीला, स्टाफरूममध्ये. मधुमेह झालेल्या माणसाच्या बहिणीला कुणी असं कोपऱ्यात घेऊन विचारतं का? त्यांना आजार कळून घ्यायचा नसतोच. त्यांना गोष्ट हवी असते, तोंडाला पदर लावून पुढच्या घरी सांगायला.

लपून राहिलं नाहीच. ही औषधं सरकारी केंद्रात मिळतात, दर महिन्याला रांगेत उभं राहावं लागतं. आमच्या भावकीतलं कुणीतरी त्याला त्या खिडकीसमोर बघून गेलं. महिन्याभरात लग्नाच्या ऑर्डरी बंद झाल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. 'पाव्हण्यांनी त्यांच्याकडचा फोटोग्राफर ठरवलाय, राग मानू नका,' एवढंच. नवरीची हनुवटी दोन बोटांनी उचलून चेहरा उजेडाकडे वळवायची दादाची सवय होती. तालुक्यातल्या कितीतरी बायकांच्या लग्नाच्या फोटोत तो उजेड आहे. त्याच बायका आपल्या मुलींच्या लग्नात त्या दोन बोटांना भ्यायला लागल्या.

आणि माझं घर? सासूबाईंनी दादासाठी एक कप वेगळा काढून खिडकीत ठेवला होता. दांडीला चीर गेलेला. त्या मला काहीच बोलल्या नाहीत. दादा आला, मी चहा केला, खिडकीतला कप पाहिला, सगळं समजलं आणि त्याच कपात चहा ओतला. मला कळत होतं. मी शिकलेली होते, शाळेत पोरांना एड्सविरोधी पोस्टर काढायला लावत होते. चहा पिऊन झाल्यावर दादा उठला, नळावर स्वतः कप विसळला आणि स्वतःच खिडकीत नेऊन ठेवला. त्यानंतर तो आमच्याकडे खूपदा आला, पण चहा त्यानं कधीच घेतला नाही. आणि मी कधी आग्रह केला नाही, कारण तसं बरं पडत होतं.

याच दिवसांत त्यानं ते काम सुरू केलं.

औषधाच्या रांगेत त्याला दौंड तालुक्यातली, भीमेकाठच्या गावातली एक बाई भेटली. तिचा नवरा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर सासरच्यांनी तिला लहान मुलीसह गोठ्याशेजारच्या खोपटात ठेवलं होतं. ती दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जायची. दादाच्या गळ्यात कॅमेरा बघून तीच बोलली.

"आमचं फोटू काढायला आलाय व्हय?"

"न्हाई, मी बी रांगेतलाच हाय."

तिचा विश्वास बसेना. त्यानं औषधाची पिशवी दाखवली तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "मग तुमीच काढा एकदा नीट. पेपरात काढत्यात तवा आमची पाठच काढत्यात. न्हाईतर नुसती काळी सावली. आमाला काय तोंड न्हाई?"

हे मला दादानंच सांगितलं. त्यालाही राग येत होता, पण माझ्यासारखा नाही. त्याच्या रागानं त्याला कामाला लावलं. त्यानं लग्नाच्या फोटोंसाठी घेतलेले चांगले दिवे बाहेर काढले, निळ्या पडद्याला इस्त्री केली आणि तिला बोलावलं. ती लग्नातली जांभळी साडी नेसून आली. थेट समोर बघत बसली.

चार-पाच वर्षांत त्यानं असे एकवीस फोटो काढले. संमती दोनदा घ्यायचा. एकदा आधी, आणि एकदा मोठी प्रिंट हातात दिल्यावर. प्रिंट बघून ज्याला भीती वाटली, त्याच्यादेखत ती फाडायचा आणि कॅमेऱ्यातूनही पुसून टाकायचा. जे 'राहू द्या' म्हणाले त्यांच्या सह्यांचे कागद त्यानं एका फायलीत लावले. त्यांत एक कंपनीतला फिटर आणि त्याची बायको आहे. एक निवृत्त कंडक्टर आहे. चांगल्या बागायतदार घरातली एक सून आहे. या फोटोंबद्दल ज्यांना कळलं त्यातले बरेच जण मला म्हणाले, "चौफुल्याच्या कलाकेंद्रात नाचणाऱ्या बाया असतील ना?" एकही नव्हती. पण लोकांना हा आजार कुणाच्या तरी दुसऱ्याच्या दारात बांधून ठेवायचा असतो. स्वतःच्या आळीतला चेहरा त्यांना नको असतो.

दादा गोळ्या एक दिवस न चुकवता घ्यायचा. डॉक्टर त्याला सांगायचे, रक्तात विषाणू सापडतसुद्धा नाही इतका दबलाय, तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. तो गेला हृदयविकारानं. सकाळी स्टुडिओत पडद्याची दोरी ओढत होता, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. साठीही गाठली नव्हती. तरी अंत्यविधीला आमचा चुलतभाऊ ओरडून सांगत होता, "हातमोजे घाला रे आधी, हातमोजे!" पेपरात द्यायची बातमीही त्यानंच लिहिली. मला फोनवर वाचून दाखवली. 'दीर्घ आजाराने निधन.'

"चालंल का, अक्का?"

मी म्हणाले, "चालेल."

महिन्यानं वकिलांनी मृत्युपत्र उघडलं. स्टुडिओचा गाळा आणि सगळं सामान एका विश्वस्त मंडळाकडे द्यायचं होतं. पुढचा भाग भाड्यानं द्यावा आणि त्या भाड्यातून सगळं चालवावं. पहिलं कलम होतं, शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एका मुलाला किंवा मुलीला दर वर्षी कला शिकायला मदत करावी, आणि ज्याच्या घरात 'यानं पोट भरत नाही' म्हणून विरोध असेल त्याला आधी द्यावी. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या कलमात लिहिलं होतं, मागच्या भागात एकवीस फोटो कायमचे लावावेत. महिन्यातून एकदा, बाजारच्या दिवशी, शटर उघडं ठेवावं. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसानं तिथं बसून येईल त्याच्याशी बोलावं. आणि शेवटी, 'माझ्या नावासोबत माझ्या आजाराचं नाव लिहायला कुणी लाजू नये. मी लाजलो, ती वर्षं फुकट गेली.'

आता कुणी मान डोलावली नाही. वकिलांनीसुद्धा ते वाक्य जरा घाईनं वाचलं.

विश्वस्त तिघं. मी, चुलतभाऊ आणि आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त गुरुजी. चुलतभाऊ गावच्या विकास सोसायटीच्या राजकारणातला, माझ्याहून लहान. दादानं त्याला खांद्यावर बसवून यात्रा दाखवली होती, पुढं त्याच्या प्रत्येक निवडणुकीचे फोटो काढले होते. म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला. गुरुजींनी दादाला पहिल्यांदा अक्षर शिकवलं, म्हणून त्यांच्यावर.

पहिली बैठक चुलतभावाच्या घरी झाली. पोहे, चहा, सगळं व्यवस्थित.

"अक्का, पयलं कलम एक नंबर हाय," तो म्हणाला. "दुसऱ्याचं काय करायचं?"

"लिहिलंय ते."

"अवो, घरात दोन पोरी लग्नाच्या हायत. फ्लेक्सवर आमचं आडनाव आन् त्याच्याखाली ते... कोन पाव्हना येईल दारात?"

"फ्लेक्सवर नाव दादाचं आहे."

"आडनाव तर आमचंबी त्येच हाय ना!"

गुरुजी मधे पडले. "बाई, शब्द बदलला म्हणून हेतू बदलत नाही. आपण 'आरोग्य जनजागृती' म्हणू. त्यात सगळंच आलं."

"सगळं आलं म्हणजे हेच राहिलं, गुरुजी."

मग चुलतभावानं कायदा काढला. अशा माणसांचे चेहरे दाखवता येत नाहीत, कुणी पोलिसात गेलं तर आपण आत जाऊ. मी संमतीची फाईल त्याच्यासमोर ठेवली. एकवीस सह्या. काही अंगठे. त्यानं फायलीला हातसुद्धा लावला नाही, पोह्यांची बशी तेवढी लांब सरकवली. कागदाला! कायद्याची काळजी असलेला माणूस कागद वाचतो. हा कागदालाच भीत होता.

दोन विरुद्ध एक असं 'आरोग्य जनजागृती' ठरलं. कार्यक्रमात फोटो सभागृहाच्या 'आतल्या खोलीत' लावायचे, एवढं मी कसंबसं मान्य करून घेतलं, आणि सही केली. माझा विरोध लिहून घ्या, असं म्हणायचंसुद्धा मला सुचलं नाही. 'आरोग्य'चं 'व्यसनमुक्ती' कधी झालं ते मला कळलंच नाही. प्रमुख पाहुण्यांना तो विषय बरा वाटला, असं नंतर समजलं.

म्हणून मी दारात उभी होते. आणि माझी अडचण फक्त फ्लेक्सची नव्हती. दौंडच्या त्या बाईला मीच फोन करून बोलावलं होतं. तुमचा फोटो लागणार आहे, या, असं सांगितलं होतं.

ती आली. चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्यावरून, मुलीला घेऊन. मुलगी आता नर्सिंगला आहे. बाईनं तीच जांभळी साडी नेसली होती, घडीच्या जागी विरलेली. माझा हात धरून म्हणाली, "चला, दावा."

सभागृहाच्या भिंतीवर दादाचे फोटो लावले होते. बैलगाडा शर्यत. झेंडूचं रान. घोडनदीचा घाट. यात्रेतला पाळणा. ती एकेका फोटोसमोर थांबत, नीट बघत सगळी भिंत फिरली आणि परत माझ्यापाशी आली.

"बाई, माझा फोटू कुठं हाय?"

मी चुलतभावाला गाठलं. तो पाहुण्यांच्या गाडीची वाट बघत होता. "आतल्या खोलीत हायत की, सांगितलं तसं," म्हणाला.

आतल्या खोलीत नाश्त्याचे बॉक्स होते, पुष्पगुच्छ होते, आणि कोपऱ्यात तोंडं भिंतीकडे करून एकावर एक टेकवलेल्या फ्रेमा होत्या. काही आडव्या घातल्या होत्या. सगळ्यात वरच्या आडव्या फ्रेमवर पाण्याचा जार ठेवला होता. मी जार उचलून खाली ठेवला. फ्रेमची काच ओली झाली होती, आणि काचेखाली ती होती. निळ्या पडद्यासमोर, जांभळ्या साडीत, थेट समोर बघणारी.

तिनं पदरानं काच पुसली. रडली नाही. मुलीकडं बघून म्हणाली, "चल गं. परतीची गाडी कितीची हाय बघ."

मी तिला थांबवलं. कसं ते आठवत नाही. बहुतेक नुसता दंड धरला असेल, आणि जोरात, कारण तिची मुलगी माझ्याकडं चमकून बघायला लागली. मी म्हणाले, "दहा मिनिटं. दहा मिनिटं थांबा." आणि बाहेर गेले.

दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं. मग माझं मनोगत. पर्समध्ये दोन पानं लिहून आणली होती, भावाच्या कलेविषयी. ती काढलीच नाहीत.

"माझ्या भावाला एचआयव्ही होता," मी म्हणाले. "त्याला कसलंही व्यसन नव्हतं. बाहेरच्या फ्लेक्सवर लिहिलंय ते खोटं आहे."

निवेदक उठून माझ्याकडं यायला लागला. चुलतभावानं साउंडवाल्याकडं बघून हात हलवला आणि माइक बंद झाला. मला हसू आलं. तीस वर्षं मी साठ-साठ पोरांच्या वर्गात बोललेय. मला माइक लागत नाही.

मी मृत्युपत्रातलं दुसरं कलम पाठ म्हणून दाखवलं. हातमोज्यांचं सांगितलं. पेपरातल्या बातमीचं सांगितलं, आणि तिला 'चालेल' मीच म्हणाले हेही. मग खिडकीतल्या कपाचं सांगितलं. माझे यजमान तिसऱ्या रांगेत बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मला त्यांची कीव आली नाही. माझीही आली नाही. आवाज चढत गेला. काही वाक्यं धड झाली नाहीत. एक बाई पोराला घेऊन उठून गेली, पाठोपाठ आणखी काही. मी म्हणाले, "जा, पण नाश्त्याचे बॉक्स आत आहेत, या माणसांच्या फोटोंच्या शेजारी. घेताना त्यांच्याकडं बघून घ्या."

तेवढ्यात ती आत आली. आपली फ्रेम दोन्ही हातांत धरून, मागं मुलगी. स्टेजकडं आली नाही. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी झाली होती, तिच्यावर तिनं फ्रेम उभी टेकवली आणि शेजारच्या खुर्चीत बसली. मग मागं वळून सगळ्या सभागृहाला म्हणाली, "हा फोटू माझा हाय. बघा."

एवढंच. टाळ्या झाल्या नाहीत. मला कुणीतरी नंतर विचारलं, टाळ्या झाल्या का म्हणून. नाही झाल्या. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम आठवला. पुरस्काराच्या मुलीला घाईघाईनं प्रमाणपत्र देऊन सगळं आटोपलं. ती मुलगी भाजीपाला करणाऱ्या घरातली, कॉलेजात शिकणारी. लोक पांगल्यावर ती त्या फ्रेमसमोर उकिडवी बसली होती. मला म्हणाली, "मॅडम, डोळ्यातला उजेड बघितला का? खिडकीचा वाटतो, पण दिवा असणार." त्या संपूर्ण दिवसात फोटोबद्दल बोललेलं ते एकमेव माणूस.

नंतर जे व्हायचं ते झालं. चुलतभावानं आमच्याकडं येणं-जाणं तोडलं. त्याच्या बायकोनं मला रस्त्यात गाठून सांगितलं, माझ्या पोरींचं वाटोळं केलंत. यजमान आठ दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, "बोललीस ते बरोबर होतं, पण घरातलं कशाला काढलंस?" मी म्हणाले, "घरात होतं म्हणून." सासूबाई आता खूप थकल्यात, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं मला धाडस झालं नाही, हे कबूल करते.

गुरुजींनी राजीनामा दिला. पत्रात लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. ते वाचून मी कागद चुरगळून फेकला आणि परत उचलला. ठणठणीत माणूस! आपली लाज झाकायला आजाराचं नाव घेता येतं, आणि खरा आजार असलेल्याच्या आजाराचं नाव मात्र तोंडातून फुटत नाही. पण त्या पत्रानं वाट मोकळी केली. मृत्युपत्रात दादानं लिहिलं होतं की विश्वस्त कमी झाला तर त्याच्या जागी कोण, हे त्याच्या बहिणीनं ठरवावं. मी दौंडच्या बाईचं नाव दिलं. चुलतभावानं हरकत घेतली, धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात खेटे झाले, वर्ष गेलं. शेवटी तिचं नाव लागलं. पहिल्या बैठकीला ती वेळेआधी येऊन बसली होती. चुलतभाऊ आला नाही, अजूनही येत नाही.

स्टुडिओचा मागचा भाग आम्ही दोघींनी झाडला. एकवीस फ्रेमा पुसल्या. एकीच्या कोपऱ्यात पाणी शिरून डाग पडलाय, तो तसाच आहे. दारावर पाटी लावली, दादाच्या नावाची, आणि नावाखाली आजाराचं नाव. पहिल्या महिन्यात पाटीवर कुणीतरी शेण फेकलं. आम्ही धुतली. पुढच्या गाळ्यातल्या मोबाईलवाल्यानं हात जोडून सांगितलं, "मॅडम, माझं गिऱ्हाईक तुटतंय." मी म्हणाले, गाळा सोडायचा तर सोडा. त्यानं सोडला नाही.

लोक येतात का? कमी येतात. काही बाजाराच्या पिशव्या घेऊन दारात उभे राहून आत वाकून बघतात आणि जातात. काही जण दौंडची बाई बोलायला लागली की हसतात. एक माणूस एकदा म्हणाला, "एवढं मोठं तोंड करून सांगता, लाज न्हाई वाटत?" बाईनं त्याला खुर्ची दिली. मी मात्र त्याला नको नको ते बोलले. शिक्षिकेला न शोभणारं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "तुमी नका बसत जाऊ हितं बाजारच्या दिवशी. मानसं तुमाला भ्यात्यात." मला ते लागलं. तरी मी बसतेच.

गेल्या महिन्यात रांजणगावच्या कंपनीच्या गणवेशातला एक तरुण आणि त्याची बायको बराच वेळ रस्त्याच्या पलीकडं उभे होते. मी उठणार होते, बाईनं डोळ्यांनीच मला खाली बसवलं. अर्ध्या तासानं ते आत आले. बायकोनं एकेक फोटो बघितला. त्यानं नाही, तो जमिनीकडं बघत होता. मग हळूच विचारलं, "दीदी, टेस्ट कहाँ होता है?"

कुठं, किती वाजेपर्यंत, हे मी सांगायला लागले तोवर बाई चपला घालून उभी होती. "चलो, मैं आती," म्हणाली आणि त्यांच्या पुढं चालायला लागली. तिघं गर्दीतून दवाखान्याच्या दिशेनं गेले.

शेजारचा दुकानदार बाहेर येऊन त्यांच्या पाठीकडं बघत होता. मला म्हणाला, "मॅडम, आजून किती दिवस चालवनार ह्ये?"

मी आत जाऊन फ्रेमा पुसायला लागले. बोलले असते तर परत तसंच बोलले असते.

तासाभरानं ती परत आली. "रांग मोठी हाय. नंबर लावून बसवून आले," म्हणाली, आणि पिशवीतली भाकरी काढून जेवायला बसली.